जुना ब्लॉग आवरताना पत्ते, अक्षरे आणि छायाचित्रे कशी सांभाळावीत

चार वर्षांपूर्वी मी माझा ब्लॉग पहिल्यांदा आवरायला घेतला आणि चुकीच्या पद्धतीने आवरला. कोल्हापुरातल्या तालमी, पेठा, घाट आणि पंचगंगेचे पूर यांवर मी २००९ पासून लिहीत आले होते. लेखांची संख्या तीनशेच्या वर गेली होती आणि त्यांतले सुरुवातीचे बरेच लेख मला कच्चे वाटू लागले होते. एका सुट्टीत मी साठ-सत्तर लेख काढून टाकले, उरलेल्यांपैकी अनेकांची शीर्षके बदलली, शीर्षकांबरोबर त्यांचे वेबवरचे पत्तेही (यूआरएल) बदलले आणि घर झाडूनपुसून लख्ख केल्याचे समाधान मानले. काही महिन्यांनी एका विद्यार्थिनीने कळवले, की तिच्या प्रबंधाच्या तळटिपेत दिलेला खासबाग मैदानावरचा माझा लेख आता उघडत नाही आणि परीक्षकांनी नेमका तोच संदर्भ पाहायला मागितला आहे. लेख शाबूत होता. त्याचा पत्ता मात्र मी मोडला होता.

तेव्हापासून मी हे काम वेगळ्या क्रमाने करते. जे मराठीतून आठ-दहा वर्षे किंवा त्याहून अधिक काळ ब्लॉगर, वर्डप्रेस किंवा स्वतःच्या संकेतस्थळावर लिहीत आहेत आणि आता ते सारे नीट लावून ठेवू इच्छितात, त्यांच्यासाठी तो क्रम इथे सविस्तर देत आहे. आपल्या मांडणीला शोभा येणे ही पुढची गोष्ट झाली. जुन्या दुव्यावरून येणाऱ्या माणसाला हवा असलेला लेख जागच्या जागी मिळाला पाहिजे, हे पहिले.

हात लावण्यापूर्वी प्रत काढावी

राजाराम बंधाऱ्याजवळ पंचगंगेची पातळी ३९ फुटांवर गेली, की इशारा पातळी आणि ४३ फुटांवर गेली, की धोका पातळी, हे इथल्या लहान मुलालाही ठाऊक असते. नदीकाठची माणसे सामान हलवतात ती ३९ च्या सुमारास. ४३ झाल्यावर फक्त जीव वाचवायचा असतो. ब्लॉगच्या बाबतीतही प्रत काढण्याची वेळ आवराआवर सुरू करण्याच्या आधीचीच असते, काहीतरी बिघडल्यावरची नव्हे.

ब्लॉगरच्या सेटिंग्जमधून संपूर्ण मजकुराची एक फाइल उतरवून घेता येते. वर्डप्रेसमध्ये टूल्सच्या खाली एक्स्पोर्टची सोय आहे. या दोन्ही फाइलींमध्ये लेख असतात, प्रतिक्रिया असतात, तारखा असतात. छायाचित्रे मात्र नसतात, त्यांचे केवळ पत्ते असतात. ही गोष्ट बहुतेकांच्या लक्षात येत नाही आणि प्रत परत चढवल्यावर लेखांच्या मध्ये रिकामे चौकोन दिसू लागतात. म्हणून छायाचित्रे स्वतंत्रपणे उतरवून घ्यावीत. स्वतःच्या होस्टिंगवरील (संकेतस्थळासाठी भाड्याने घेतलेल्या जागेवरील) वर्डप्रेसमध्ये ती अपलोड्स नावाच्या फोल्डरमध्ये वर्ष आणि महिन्यानुसार लावलेली असतात. तो पूर्ण फोल्डर आणि त्याच्या जोडीला डेटाबेसची, म्हणजे लेख व प्रतिक्रिया ज्यात साठतात त्या कोठाराची प्रत, अशा दोन्ही गोष्टी हाताशी हव्यात.

संगणकाच्या जगात तीन-दोन-एक असा एक जुना नियम आहे : एकूण तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर आणि त्यांतली एक घराबाहेर. घराबाहेरच्या प्रतीचे मोल मला ऑगस्ट २०१९ मध्ये कळले. शाहूपुरीतल्या आमच्या तळमजल्यात पाणी शिरायच्या आधी घरच्यांनी संगणक वर नेला, गॅसची शेगडी वर नेली, धान्याचे डबे वर नेले. टेबलाच्या सगळ्यांत खालच्या खणातली हार्ड डिस्क कोणालाच आठवली नाही. चार दिवसांनी खण उघडला तेव्हा तिच्यातून गढूळ पाणी ठिबकत होते. दुसरी प्रत राजारामपुरीत बहिणीच्या कपाटात होती, म्हणून २००९ ते २०१९ ही दहा वर्षे वाचली.

काढलेली प्रत उघडते का, हेही एकदा पाहावे. एक खासगी, कोणाला न दिसणारा नवा ब्लॉग तयार करून त्यात ती फाइल चढवावी आणि निरनिराळ्या वर्षांतले दहा लेख उघडून वाचावेत. यात एक संध्याकाळ जाते, पण त्यानंतरच्या प्रत्येक कामात मन निर्धास्त राहते.

नोंदवही

दुसरे काम कंटाळवाणे आहे आणि त्याला पर्याय नाही. एका स्प्रेडशीटमध्ये प्रत्येक लेखाची एक ओळ करावी : पत्ता, शीर्षक, तारीख, सद्यःस्थिती आणि निर्णय. निर्णय चारच प्रकारचे असावेत : राहू द्यावा, दुरुस्त करावा, दुसऱ्या लेखात मिळवावा किंवा काढावा. रोज वीस लेखांपेक्षा जास्त पाहू नयेत, कारण त्यानंतर डोळे सरसकट ‘काढावा’ म्हणू लागतात. साठ-सत्तर लेखांवर मी एकाच दिवशी सुरी चालवली ती अशाच थकव्यात. नोंदवही पूर्ण होईपर्यंत प्रत्यक्ष ब्लॉगवर एकही बदल करू नये.

पत्ते

वेबचे जनक टिम बर्नर्स-ली यांनी १९९८ मध्येच लिहून ठेवले आहे, की चांगला पत्ता तोच जो बदलत नाही. मराठीत लिहिणाऱ्यांच्या वाट्याला या बाबतीत दोन खास अडचणी येतात आणि त्या समजून घेतल्याशिवाय पत्त्यांना हात लावू नये.

पहिली अडचण ब्लॉगरची. लेखाचे शीर्षक देवनागरीत असेल तर ब्लॉगर त्यातून पत्ता बनवू शकत नाही आणि सरळ ‘ब्लॉग-पोस्ट’ असे नाव देऊन पुढे आकडा चिकटवतो. त्यामुळे रंकाळ्यावरचा लेख, मिसळीवरचा लेख आणि आजोबांच्या आठवणी या सगळ्यांचे पत्ते महिना आणि आकडा सोडला तर सारखेच दिसतात. हे पत्ते पाहून चिडचिड होते, पण जुन्या लेखांच्या बाबतीत ते तसेच राहू द्यावेत. ते कुरूप असले तरी चालू आहेत आणि कोणी ना कोणी ते कुठेतरी टिपून ठेवलेले आहेत. नव्या लेखाला मात्र प्रसिद्ध करण्यापूर्वीच उजवीकडच्या पट्टीत जाऊन रोमन अक्षरांत लहानसा, अर्थपूर्ण पत्ता स्वतः द्यावा.

दुसरी अडचण वर्डप्रेसची आणि ती अधिक फसवी आहे. वर्डप्रेस देवनागरी शीर्षकाचा पत्ता देवनागरीतच करते आणि ब्राउझरमध्ये तो छान वाचताही येतो. परंतु आतल्या साठवणीत प्रत्येक देवनागरी चिन्हाचे तीन बाइट होतात आणि प्रत्येक बाइट टक्क्याचे चिन्ह व दोन अक्षरे अशा तीन जागा घेतो. म्हणजे एका चिन्हाला नऊ जागा. ‘रंकाळा’ या शब्दात अनुस्वार आणि काने धरून सहा चिन्हे आहेत. पत्त्यात त्यांच्या ५४ जागा होतात. हाच पत्ता व्हॉट्सॲपवर पाठवला की टक्क्यांची ती लांबलचक माळ अनेकदा दिसते आणि ती पाहून लोक दुवा उघडायला कचरतात. त्यात वर्डप्रेस पत्त्याच्या या भागाला २०० जागांची मर्यादा घालते. माझ्या एका लेखाचे शीर्षक ‘कोल्हापूरच्या जुन्या तालमी आणि त्यांचे वस्ताद’ असे होते. त्याचा पत्ता ‘कोल्हापूरच्या-जुन्या-ताल’ इथेच तुटला आणि वर्षानुवर्षे तो लेख तालमींऐवजी तालाचा वाटत राहिला. उपाय तोच : नव्या लेखाला सुरुवातीपासून रोमन अक्षरांतला, तीन-चार शब्दांचा पत्ता द्यावा.

एखादा जुना पत्ता बदलणे अपरिहार्यच असेल, तर जुन्यावरून नव्याकडे कायमची वाट लावून द्यावी. तांत्रिक भाषेत तिला ३०१ म्हणतात. ही खूण वाचकाला नव्या जागी नेते आणि शोधयंत्रालाही कळवते, की बदल कायमचा आहे. ३०२ ही खूण तात्पुरत्या बदलाची असते, ती इथे वापरू नये. ब्लॉगरमध्ये ही सोय सेटिंग्जमधल्या त्रुटी आणि पुनर्निर्देशनाच्या भागात आहे. वर्डप्रेससाठी रीडायरेक्शन नावाचे प्लगइन (जोडून घेता येणारे पूरक साधन) पुरेसे आहे. वाट थेट लावावी : जुन्यावरून मधल्या पत्त्यावर आणि तिथून तिसऱ्यावर अशी साखळी होऊ देऊ नये. आणि काढलेल्या प्रत्येक लेखाचा वाचक मुखपृष्ठावर आणून सोडू नये. मंगळवार पेठेतले घर विचारत आलेल्या पाहुण्याला बिंदू चौकात उभे करून निघून जाण्यासारखेच ते आहे. लेख दुसऱ्या लेखात मिळवला असेल तर त्या लेखाकडे न्यावे. हेतुपुरस्सर कायमचा काढला असेल तर ४१० ही खूण द्यावी, जिचा अर्थ ‘होते, आता नाही’ असा स्पष्ट असतो.

पूर्वी मोडलेले पत्ते आठवत नसतील तर दोन ठिकाणी ते सापडतात. एक म्हणजे जुनी प्रत. दुसरे इंटरनेट अर्काइव्हचे वेबॅक मशीन, जे २००१ पासून सर्वांसाठी खुले आहे. तिथे आपल्या ब्लॉगच्या पत्त्यापुढे फुली (*) दिली, की आजवर जतन झालेल्या सगळ्या पानांची यादी समोर येते. खासबागच्या लेखाचा मूळ पत्ता मला तिथेच मिळाला. त्या यादीतून पुढे आणखी एकेचाळीस मोडलेले पत्ते निघाले आणि ते सगळे जोडायला तीन रविवार लागले.

अक्षरे

पत्त्यांइतकाच वेळ अक्षरांना द्यावा असे माझे मत आहे, कारण मराठी मजकूर डोळ्यांना ठीक दिसत असूनही आतून बिघडलेला असू शकतो.

युनिकोड, म्हणजे सगळ्या लिप्यांसाठीची संगणकाची सामाईक अक्षरपद्धत, रूढ होण्यापूर्वीच्या टंकांत (फॉन्टांत) लिहिलेले जुने लेख अनेकांकडे आहेत. तो टंक नसेल तर हा मजकूर रोमन अक्षरे आणि चिन्हांचा गोंधळ म्हणून दिसतो. असा मजकूर युनिकोडमध्ये आणणारे परिवर्तक मिळतात, पण त्यांच्यावर डोळे मिटून विसंबू नये. जुन्या टंकांत अक्षरे दिसण्याच्या क्रमाने टाइप होत असत, म्हणजे पहिली वेलांटी व्यंजनाच्या आधी आणि रफार नंतर. परिवर्तन करताना हा क्रम उलटवावा लागतो आणि चुका नेमक्या तिथेच होतात. परिवर्तित लेखात ‘निश्चित’, ‘कीर्ती’, ‘वर्षानुवर्षे’ अशा शब्दांवर आधी नजर टाकावी.

होस्टिंग बदलल्यावर संपूर्ण लेख टोपीवाल्या रोमन अक्षरांच्या रांगा होऊन बसला, तर घाबरू नये आणि त्या अवस्थेत तो लेख सेव्हही करू नये. डेटाबेस चुकीच्या वर्णसंचाने वाचला जात असल्याचे ते लक्षण आहे आणि ते दुरुस्त होते. अक्षरांच्या जागी सलग प्रश्नचिन्हे दिसत असतील तर मात्र मूळ मजकूर त्या जागेवरून गेलेला असतो आणि प्रतीचाच आधार घ्यावा लागतो.

आता एक बारीक गोष्ट. ‘दुसर्‍या’ आणि ‘दुसऱ्या’ हे दोन शब्द वाचकाला सारखेच दिसतात. पहिल्यात साधा र, हलन्त आणि न दिसणारा जोडक आहे; दुसऱ्यात नुक्ता असलेला ऱ आणि हलन्त आहे. कोणता कीबोर्ड वापरला यावर ते ठरते. संगणकाच्या लेखी हे दोन वेगळे शब्द असतात, म्हणून आपल्याच ब्लॉगच्या शोधचौकटीत एक प्रकार टाइप केला, की दुसऱ्या प्रकाराने लिहिलेले लेख सापडत नाहीत. ‘अ‍ॅ’ आणि ‘ॲ’ यांचेही तसेच. मी मोबाइलवर आलटूनपालटून दोन कीबोर्ड वापरत होते. त्यामुळे माझ्या ब्लॉगवर ‘वाऱ्यावरची’ शोधले तर अर्धे लेख सापडत आणि अर्धे दडून राहत.

दुरुस्ती अशी करावी. कोणता प्रकार पाळायचा ते आधी ठरवावे. मी नुक्त्याचा ऱ आणि एकसंध ॲ हे प्रकार घेतले. वर्डप्रेसवर बेटर सर्च रिप्लेससारख्या प्लगइनमधून आधी केवळ चाचणी चालवून किती जागी बदल होणार ते पाहावे, मग प्रत्यक्ष बदल करावा. ब्लॉगरवर असे साधन हाताशी नसल्यामुळे, जे लेख जास्त वाचले जातात ते उघडून हाताने बदलावेत. सगळे अदृश्य जोडक एकदम पुसून टाकू नयेत, कारण काही जोडाक्षरांतले पहिले व्यंजन अर्ध्या रूपात दाखवण्यासाठी ते मुद्दाम दिलेले असतात. बदल ‘र्‍य’ आणि ‘र्‍ह’ या जोड्यांपुरताच ठेवावा, म्हणजे ‘सुऱ्या’ आणि ‘कुऱ्हाड’ नीट होतात आणि बाकीच्यांना धक्का लागत नाही. पत्त्यांच्या रकान्याला मात्र हा बदल लागू करू नये, नाहीतर आधीचे सगळे कष्ट वाया जातील.

याच ओघात ब्लॉगची भाषा सेटिंग्जमध्ये मराठी अशी नोंदलेली आहे ना, ते पाहावे. भाषा हिंदी किंवा इंग्रजी नोंदलेली असली, की काही टंक ल आणि श यांची हिंदी वळणाची रूपे दाखवतात. मराठी नोंदली, की आपल्या ओळखीची रूपे परत येतात. दृष्टी अधू असलेल्यांसाठी पान वाचून दाखवणारी साधनेही याच नोंदीवरून उच्चार ठरवतात.

छायाचित्रे

मोबाइलवर काढलेले छायाचित्र सहज तीन ते पाच मेगाबाइटचे असते आणि ब्लॉगला त्याची गरज नसते. रुंदी १६०० पिक्सेलपर्यंत कमी करून जेपेग किंवा वेबपी प्रकारात साठवले, की ते साधारण दोनशे-तीनशे किलोबाइटांत बसते आणि पन्हाळ्याच्या पायथ्याशी, जिथे नेटवर्क रडतखडत येते, तिथेही लेख उघडतो. मूळ मोठी प्रत घरच्या साठ्यात ठेवावीच. चढवण्यापूर्वी छायाचित्रातली ठिकाणाची दडलेली नोंद पुसावी, विशेषतः घरात काढलेल्या छायाचित्रांतली. प्रत्येकाला पर्यायी मजकूर (चित्र न दिसणाऱ्यासाठी त्याचे वर्णन) द्यावा आणि तळाशी ठिकाण व वर्ष लिहावे.

दुसऱ्याच्या सेवेवर ठेवून ब्लॉगमध्ये नुसती जोडलेली छायाचित्रे सगळ्यांत आधी शोधावीत. पिकासा वेब अल्बम्स आणि पॅनोरामिओ २०१६ मध्ये बंद झाले, फ्लॅश या चलत्चित्रांच्या जुन्या तंत्राचा आधार २०२० च्या अखेरीस संपला. त्यांच्या भरवशावरची पाने आज पोकळ आहेत. छायाचित्र आपल्याच जागेवर असावे.

आणि जुने छायाचित्र धूसर आहे एवढ्यासाठी ते काढू नये, हे मी कळकळीने सांगते. संगीतसूर्य केशवराव भोसले नाट्यगृहाच्या आतली माझी काही छायाचित्रे अगदी सामान्य होती. खुर्च्यांच्या रांगा आणि अर्धा पडदा, एवढेच त्यांत होते. मी ती काढायच्या यादीत टाकली होती. ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री १९१५ मधली ती वास्तू आगीत सापडली, आणि दुसऱ्या दिवशी मी नोंदवहीत त्या ओळीपुढचा निर्णय बदलला.

मजकूर

जुना लेख चुकीचा ठरला तर तो गुपचूप बदलू नये. २००५ च्या महापुरावरच्या लेखात मी ‘आजवरचा सर्वांत मोठा पूर’ असे लिहिले होते. २०१९ आणि २०२१ मध्ये पंचगंगेने ती पातळी मागे टाकली. मूळ वाक्य तसेच ठेवून त्याखाली तारखेसह टीप जोडली, म्हणजे त्या काळी आपण काय समजत होतो तेही वाचकाला कळते. शुद्धलेखन मात्र बिनदिक्कत सुधारावे. इतरांचे दूरध्वनी क्रमांक, घरचे पत्ते, लहान मुलांची नावे हे सारे दिसताक्षणी काढावे. दहा वर्षांपूर्वी आपण याबाबत फार मोकळे होतो.

वर्गवारी दहा-बारा नावांत बसवावी आणि ‘कोल्हापूर’ व ‘कोल्हापुर’ अशी जोडपी एकत्र करावीत. न वापरलेली प्लगइन नुसती बंद न ठेवता काढून टाकावीत.

वर्षाचे वेळापत्रक

मृग निघण्यापूर्वी पूर्ण प्रत काढावी आणि बाहेरच्या घरी पोहोचवावी. दिवाळीनंतर मोडलेले दुवे तपासावेत. स्क्रीमिंग फ्रॉग या साधनाची मोफत आवृत्ती ५०० पत्त्यांपर्यंत हे काम करते. दर महिन्याला वर्डप्रेस आणि प्लगइनची अद्ययावतीकरणे घ्यावीत, पण प्रत असल्याशिवाय नाही. सुरक्षा प्रमाणपत्र लेट्स एन्क्रिप्टचे असेल तर त्याची मुदत फार तर ९० दिवसांची असते; नूतनीकरण आपोआप होते आहे ना, ते अधूनमधून बघावे.

स्वतःचे डोमेन (संकेतस्थळाचे नोंदवलेले नाव) असणाऱ्यांनी त्याची मुदत कधी संपते हे भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहावे. ज्या ईमेलवर सूचना येते तो आपण अजून उघडतो का, हेही पाहावे, कारण बहुतेक डोमेन हातचे जातात ते जुन्या कचेरीच्या किंवा विसरलेल्या ईमेलमुळे. डॉट कॉमसारखे नाव मुदतीनंतर रद्द झाले तरी ३० दिवस जादा शुल्क भरून परत मिळवता येते. त्यानंतर ते कोणीही घेऊ शकते.

एवढे सगळे एका कागदावर लिहून तो घरातल्या एका माणसाच्या हाती द्यावा : डोमेन कुठे घेतले, होस्टिंग कुठे आहे, प्रत कोणाकडे आहे, पासवर्डची वही कुठे आहे. मी माझा कागद भाचीकडे दिला आहे. तिने पहिल्याच दिवशी तो घेऊन संगणकापुढे बसून खासबागच्या लेखाचा जुना पत्ता टाइप करून पाहिला आणि पान उघडल्यावर कागदाच्या कोपऱ्यात पेन्सिलीने तारीख घातली.